सुटे भाग की अख्खी रायफल?

रायफल तयार घ्यावी की सुटे भाग आणून जोडून घ्यावी, हा प्रश्न मराठी घरात सहसा पडत नाही. आमच्या माउंट रॉस्किलच्या घरात तो पडला आणि अख्खा हिवाळा पुरला.

शिकारीचा नाद मला कामावरच्या एका मित्रामुळे लागला. वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा इथला नाही. हरणं एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शिकारीच्या हौसेसाठी आणली. ती इतकी माजली की १९३०च्या दशकात सरकारलाच ती मारायला पगारी माणसं नेमावी लागली. त्यामुळे इथे हरीण मारणं हे जंगल राखण्याच्या कामात मोडतं. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या देशातून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मला दोन हंगाम लागले. परवानाधारक शेजारी उभा असेल तर त्याच्या देखरेखीखाली त्याची रायफल चालवता येते. तशी कायमानवाच्या डोंगरात चालवली, घरी आणलेल्या मांसाचा कोल्हापुरी रस्सा केला, आणि मग स्वतःच्या रायफलीचा विचार सुरू झाला.

रस्ते तीन होते. पहिला, दुकानातला तयार संच: रायफल, वर बसवलेली दुर्बीण, पुढे आवाज कमी करणारा सप्रेसर. माझ्या वहीत याचा आकडा दीड ते दोन हजार डॉलर आला. दुसरा, नळी बसवलेली अ‍ॅक्शन कारखान्याची घ्यायची आणि दस्ता आपल्या पसंतीचा लावायचा. दुर्बीण धरून अडीच हजारांच्या आसपास. तिसरा, अ‍ॅक्शन, नळी, ट्रिगर, दस्ता सगळं निवडून घ्यायचं आणि गनस्मिथकडून जुळवून घ्यायचं. हा आकडा साडेचार हजारांच्या पुढे गेला, आणि त्यात दुर्बीण नव्हतीच.

भाग सुटे घेतले की स्वस्त पडतात, हा आपला बाजारातला अनुभव इथे उलटा पडतो. कारखान्यात एकदा यंत्र लावलं की नळ्या शेकड्याने निघतात. गनस्मिथ मात्र तुमच्या एका नळीसाठी लेथपाशी उभा राहतो. काडतूस नळीत टेकतं ती जागा आणि बोल्टचं तोंड यांतलं अंतर अगदी नेमकं लागतं. ते चुकलं तर धोका चेहऱ्याशी असतो. म्हणजे साडेचार हजारांतला मोठा वाटा लोखंडाचा नसून त्या माणसाच्या हाताचा आहे. तो रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की त्या हातातला फरक मला कळतो का?

इथे मला वडील आठवले. आमचं गाव इचलकरंजी. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढे गावाचं पोटच मागांवर चाललं. वडिलांचे माग जुने, इकडून तिकडून भाग आणून उभे केलेले. नवा माग परवडत नव्हता, म्हणून जुळवलेला. ते म्हणायचे, "जुळवलेला माग त्यानंच घ्यावा, ज्याला तो बिघडल्यावर उघडता येतोय." धोटा उडाला की जॉबरची वाट न बघता ते स्वतः पाना घेऊन बसायचे. गंमत म्हणजे माझ्या यादीतली एक रायफल जपानच्या होवा कंपनीची होती, आणि तीही कंपनी १९०७ मध्ये मागांचा कारखाना म्हणूनच सुरू झालेली.

न्यूझीलंडलाही जोडाजोडीचा अभिमान आहे. कुंपणाच्या आठ नंबरच्या तारेने काहीही दुरुस्त करतो, असं इथला माणूस कौतुकाने सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रेन मशीनगनचा तुटवडा पडला, तेव्हा हेस्टिंग्जच्या फिलिप चार्लटन यांनी जुन्या ली-मेटफर्ड आणि ली-एनफिल्ड रायफलींना भाग जोडून त्यांची स्वयंचलित बंदूक केली. अशा सुमारे दीड हजार बनल्या. पण चार्लटन काय किंवा माझे वडील काय, दोघांनी जोडलं ते विकत घेण्याजोगं दुसरं हाताशी नव्हतं म्हणून. माझ्यासमोर दुकान भरलेलं होतं. एके काळी अडचणीतून निघालेली वाट आता हौशी माणसाची महागडी वाट झाली आहे.

जोडून घेण्याच्या बाजूने माझ्याकडे एक खरा मुद्दा होता. माझी उंची पाच फूट चार इंच, आणि दुकानातले दस्ते उंच माणसांच्या मापाचे. पण बऱ्याच तयार दस्त्यांची लांबी मागच्या चकत्या काढून कमी करता येते, हे कळल्यावर तोही मुद्दा निम्मा झाला. शिवाय एकाच्या मापाने आणि आवडीने बनवलेली रायफल पुढे विकताना घातलेले पैसे सहसा परत येत नाहीत. आपल्या अंगाला शिवलेला कोट दुसरा कोण घेणार?

मग वहीत न मावणारा खर्च पुढे आला. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली. आमच्या इथे स्टॉडर्ड रोडवरही मशीद आहे. तिथे जाणारी माणसं आमची शेजारी आहेत, त्यांची मुलं आमच्या मुलीच्या वर्गात आहेत. बायकोने एकच विचारलं, "त्या माणसाकडंही परवाना होताच की हो?" होता. कायदेशीर घेतलेल्या बंदुकांना त्याने मोठी मॅगझिनं वेगळी आणून लावली होती. सुट्या भागांबद्दलची माझी सगळी हौशी बडबड त्या उत्तरापाशी थांबली.

त्यानंतर कायदे कडक झाले. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आली आणि सरकारने त्या परत विकत घेतल्या. पहिला परवाना आता पाचच वर्षांचा असतो. २०२३ पासून बंदुकांची राष्ट्रीय नोंदवही आहे. सुटी करून ठेवलेली बंदूकही कायद्याच्या व्याख्येत बंदूकच. आणि परवाना देण्याआधी तपासणी अधिकारी अर्जदाराशी बोलतात तसे त्याच्या जोडीदाराशीही बोलतात.

तिजोरीचा नियम वाचून दाखवला तेव्हा बायको हसली. बिनपरवान्याच्या माणसाच्या हाती तिची किल्ली लागता कामा नये, असा तो नियम. "सतरा वर्षं सगळ्या घराच्या किल्ल्या माझ्याकडं, आणि आता एक कपाट असं की मी हात लावला तर गुन्हा." हसली खरी, पण तो विनोद नव्हता. तयार घेतली काय किंवा जोडून घेतली काय, हा खर्च दोन्हीकडे सारखाच होता, आणि तो मी एकट्याने भरण्यातला नव्हता.

मी तयार संच घेतला. उरलेले पैसे रेंजवरच्या सरावाला आणि काडतुसांना ठेवले, कारण नेम पैशाने जोडून मिळत नाही. दस्ता कुठे बोचतो, ट्रिगर जड वाटतो का, डोंगर चढताना वजन कितव्या तासाला जाणवतं, हे चार-पाच हंगाम वापरल्यावर कळेल. तेव्हाही हौस टिकली असेल, तर गनस्मिथला नेमकं काय मागायचं ते मला ठाऊक असेल.

तपासणीच्या वेळी अधिकारी बायकोशी बंद दाराआड अर्धा तास बोलले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. महिन्याभराने परवाना पोस्टाने आला. लिफाफा तिनेच उघडला.