कियेन ले पागा?

पुतणी शिकायला स्पेनला गेलीय, व्हॅलेन्सियाला. जायच्या आधी ती मोबाइलवर स्पॅनिश शिकत होती, तिच्या नादानं मीही थोडं शिकलो. ॲप पहिल्याच आठवड्यात 'नेसेसीतो आयुदा' शिकवतं. मला मदत हवी आहे. आता पैशाच्या बाबतीत मदत करायला लोक टपलेलेच असतात, मागायची गरज कुठे पडते! तिथं आधी राहून आलेल्या एका मुलीनं तिला खरी कामाची वाक्यं दिली.

'कियेन ले पागा?' म्हणजे तुम्हाला पैसे कोण देतं? 'नो लो एन्तिएन्दो', मला हे समजलं नाही. आणि 'ओय नो फिर्मो', आज मी सही करणार नाही. (ओय म्हणजे आज. कुणाला हाक मारत नाहीये!)

कराचं काम असेल तर 'असेसोर फिस्काल' गाठायचा, सरकारी कागदपत्रांसाठी 'हेस्तोर'. 'रेन्ता' ऐकून ही घरभाडं समजली होती. तिथं 'देक्लारासिओन दे ला रेन्ता' म्हणजे आयकर विवरणपत्र. भाड्याला 'आल्किलेर' म्हणतात.

या प्रश्नांची किंमत स्पेननं मोजलीय. तिथल्या बचत बँकांनी साध्या ठेवीदारांना 'प्रेफेरेन्तेस' नावाचे रोखे विकले. ठेवीसारखेच सुरक्षित, म्हणून. प्रत्यक्षात त्यांना मुदतच नव्हती आणि बँक अडचणीत आली की पैसे अडकणार. २०१२ च्या सुमारास तेच झालं. गालिसियात म्हाताऱ्या माणसांचे अंगठे घेतलेले करार सापडले. विकणारा कोण? वर्षानुवर्षं ओळखीचा शाखेतला माणूस.

आमच्या तालुक्यातली एक पतसंस्था बुडाली तेव्हा मी महिनाभर ठेवीदारांच्या घरी फिरत होतो. पैसे ठेवताना काही विचारलं नाही का, याला उत्तर एकच, "ओळखीचा माणूस, कसं विचारणार हो?"

२०१९ च्या कायद्यानं स्पेननं घरकर्जापुरती ही अडचण सोडवली. कर्जाचे कागद किमान दहा दिवस आधी हातात द्यायचे. सहीच्या आधी कर्जदारानं एकट्यानं नोटरीकडे जायचं, तो फुकट समजावतो, वर प्रश्न विचारून समजलं का तेही तपासतो. तिथला नोटरी कोर्टाबाहेर शिक्के मारणारा नाही, मोठा माणूस असतो. म्हणजे 'आज सही नाही' हे म्हणायची लाज कायद्यानंच काढून टाकली.

आपल्याकडे निदान एवढं तरी आहे: सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार फी तुमच्याकडून घेतो, म्युच्युअल फंडाचा वितरक कमिशन फंड कंपनीकडून. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर बघता येतो. पण समोर बसलेला दोघांपैकी कोण, हे तुम्हालाच विचारावं लागतं.

स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणजे तूच, आणि मान द्यायचा तर 'उस्तेद'. पुतणी म्हणते, उस्तेद लावलं की कितीही आगाऊ प्रश्न सभ्य वाटतो. आपल्याकडेही 'साहेब' आहेच की. "साहेब, यात तुम्हाला किती सुटतात?"

परवा विमा एजंट असलेल्या वर्गमित्राला साहेब न म्हणताच हे विचारलं. क्षणभर बघत राहिला. मग चहाचा कप बाजूला सरकवला, माहितीपत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला पहिल्या वर्षाचा आकडा लिहून दिला.