सोन्यावर मुलामा

एखाद्या समाजाची अभिरुची पारखावयाची असेल तर तो समाज कशाची स्तुती करतो हे पाहावे असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु मला त्याहून अधिक उद्बोधक वाटते ते हे, की एखादी गोष्ट प्रमाणाबाहेर गेली असता तो समाज तिला कोणत्या शब्दांनी नावे ठेवतो. स्तुतीच्या प्रसंगी माणसे परंपरेने हाती दिलेली विशेषणे उचलतात. अतिरेकाचा दोष दाखवावयाचा म्हटला की मात्र त्यांना आपल्या रोजच्या व्यवहारातल्या वस्तूंकडे वळावे लागते. इंग्रजी भाषेत अशा शब्दांचा संग्रह मोठा आहे, आणि त्यातला बराचसा भाग स्वयंपाकघर, शिंप्याचे दुकान, गवंड्याचे काम, नाटकाचा फड आणि लढाईचे मैदान येथून आलेला आहे.

मांस विस्तवावर हवे त्यापेक्षा अधिक वेळ राहिले, त्यातला रस आटून ते वातड झाले, म्हणजे इंग्रज त्याला 'ओव्हरडन' म्हणतो, आणि तोच शब्द नटाच्या अभिनयाला, वक्त्याच्या हातवाऱ्यांना व दिवाणखान्याच्या सजावटीला लावतो. ज्या कामावरून कारागिराचा हात वाजवीपेक्षा अधिक वेळा फिरला ते 'ओव्हररॉट'. उमलण्याची घटका टळून पाकळ्या सैल पडलेल्या गुलाबाला जे 'ओव्हरब्लोन' म्हणतात तेच विशेषण फुगीर शैलीच्या वाट्याला येते. आपले म्हणणे सिद्ध करण्याच्या भरात जो पुराव्यावर पुरावा रचीत जातो, त्याने पुडिंगमध्ये अंडी जास्त घातली असे म्हणतात. पोकळ वक्तृत्वाला लावण्यात येणारा 'बाँबास्ट' हा शब्द मूळचा कापसाचा. एलिझाबेथ राणीच्या काळी सरदारांच्या अंगरख्यांना ऐटदार फुगवटा यावा म्हणून आत जो कापूस ठासून भरीत, त्याचे ते नाव. जो खुशामत करतो तो गवंड्याच्या करणीने गिलावा चढवतो. आणि आज भडक पोशाखालाही सहज लावला जाणारा 'ओव्हर द टॉप' हा शब्दप्रयोग १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकाच्या काठावर चढून शत्रूच्या गोळीबारात धावत जाणाऱ्या शिपायांच्या तोंडी रुळलेला होता.

या सर्व शब्दांची वर्गवारी करू गेल्यास त्यांचे मुख्यतः दोन वर्ग पडतात. कापूस, गिलावा, जास्तीची अंडी या पहिल्या वर्गात दोष बाहेरून आणून घातलेल्या द्रव्याचा आहे. मूळ वस्तू जशी होती तशीच राहते, तिच्यावर भार तेवढा वाढतो. करपलेले मांस, कोमेजू लागलेला गुलाब आणि घासून घासून निस्तेज झालेले काम या दुसऱ्या वर्गात बाहेरचे काहीच आलेले नसते. जी क्रिया वस्तूला पूर्णत्वाकडे नेत होती तीच पूर्णत्वाच्या क्षणी न थांबल्यामुळे वस्तूचा घात करते. पहिल्या वर्गात हात अधिक देतो, दुसऱ्यात तो सोडावयास तयार नसतो. परंतु दोहोंच्या मुळाशी मला एकच मनोवृत्ती दिसते, आणि ती म्हणजे अविश्वास: वस्तू स्वतःच्या बळावर उभी राहील, किंवा पाहणाऱ्याला ती जशी आहे तशी पुरेल, हा भरवसा कर्त्याला वाटत नाही.

स्वयंपाकाचेच उदाहरण घ्या. १८६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आणि इंग्लंडच्या मध्यमवर्गीय घराघरांत प्रमाण मानल्या गेलेल्या मिसेस बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरील पुस्तकात मोठी गाजरे दोन तासांच्या आसपास उकळण्यास सांगितले आहे. भाजी कच्ची राहील, बाधेल, पाहुण्यांच्या पानात ती राकट दिसेल, हे भय त्या दोन तासांत दिसते. आणि ते भय शमेपर्यंत गाजराला गाजर म्हणून जी चव असते ती पाण्यात उतरून गेलेली असते. अतिरेक हा नेहमी उन्मादातूनच जन्मतो असे नाही; पुष्कळदा तो अतिसावधपणाचे अपत्य असतो.

इंग्रजी साहित्यात या विकाराचे निदान फार पूर्वी झालेले आहे. मध्ययुगीन धार्मिक नाटकांत हेरॉड राजाचे सोंग घेणारा नट इतका थयथयाट करी की कॉव्हेंट्रीच्या नाटकसंहितेत त्याने फिरत्या रंगमंचावर व खाली रस्त्यावरही आकांडतांडव करावे अशी स्पष्ट सूचना आढळते. शेक्सपिअरचा हॅम्लेट नटांना अभिनयाचा उपदेश करतो तेव्हा त्याच हेरॉडचे नाव घेऊन त्यांना मर्यादा घालून देतो. परंतु या विषयावरचे त्याचे सर्वांत मर्मग्राही स्थळ मला 'किंग जॉन' या नाटकात सापडते. राज्यावर बसलेला जॉन स्वतःला दुसऱ्यांदा मुकुट घालवून घेतो. तेव्हा सॉल्झबरीचा अर्ल त्याला भर दरबारात सांगतो की शुद्ध सोन्यावर सोन्याचा मुलामा देणे, लिलीच्या शुभ्र फुलाला रंग फासणे, सुगंधी फुलावर अत्तर शिंपडणे हा सगळा उधळेपणा असून तो हास्यास्पद आहे. लोकांच्या तोंडी पुढे या दृष्टांतांची सरमिसळ झाली आणि फुलालाच मुलामा देण्याचा वाक्प्रचार रूढ झाला; परंतु ज्या प्रसंगी हे उद्गार निघाले तो प्रसंग विसरल्यामुळे त्यांतले अर्धे तात्पर्य हरवले. जॉनच्या हक्काला पुतण्याच्या हक्काचे आव्हान होते. ज्याला आपल्या पहिल्या अभिषेकाचा भरवसा वाटत नाही तोच दुसरा अभिषेक करवून घेतो, आणि त्या दुसऱ्याने पहिल्याविषयीची शंका मात्र सर्वांच्या मनात जागी होते.

हे स्थळ वाचताना माझे मन प्रत्येक वेळी १८७६ सालाकडे वळते. हिंदुस्थानचा कारभार कंपनीच्या हातून काढून घेतल्याचा राणीचा जाहीरनामा १ नोव्हेंबर १८५८ रोजी निघालेला होता; अठरा वर्षे व्हिक्टोरिया या देशावर राज्य करीत होतीच. तरीही पंतप्रधान डिझरायलीच्या मंत्रिमंडळाने पार्लमेंटात विरोध होत असताना कायदा मंजूर करवून घेतला आणि तिच्या खिताबात सम्राज्ञीपदाची भर घातली. राजघराण्याची खुशामत करावयाची तर ती करणीने चढवावी, असे जो मॅथ्यू अर्नोल्डला म्हणाल्याचे सांगतात, तो हाच डिझरायली. विलायतेत जुन्या मुकुटाच्या बदली नवा मुकुट विकणारा फेरीवाला म्हणून 'पंच' साप्ताहिकाने त्याचे व्यंगचित्र काढले, आणि खुद्द इंग्लंडात हा खिताब वापरला जाणार नाही असे आश्वासन सरकारला द्यावे लागले. जो अलंकार घरात घालण्याजोगा नव्हता तो हिंदुस्थानासाठी मात्र योग्य ठरला.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस भरलेल्या दरबारात हा खिताब जाहीर झाला. त्या सोहळ्याची योजना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने केली होती. मोठमोठ्या संस्थानिकांना देण्यासाठी रेशमी निशाणे तयार करविली होती. त्यांवर युरोपीय पद्धतीच्या कुलचिन्हांची भरगच्च कलाकुसर होती, आणि त्यांच्या पितळी काठ्या इतक्या जड होत्या की एकेक निशाण पेलण्यास दोन धिप्पाड हायलंडर शिपाई लागत. राणीला नजर करावयाच्या चित्रासाठी सरकारने ज्याला मुद्दाम आणविले होते तो चित्रकार व्हॅल प्रिन्सेप दरबाराचा मंडप पाहून उद्विग्न झाला. अलंकारावर अलंकार आणि रंगावर रंग यांची ती रास त्याला एखाद्या अवाढव्य सर्कशीसारखी वाटली, असे त्याने आपल्या प्रवासाच्या रोजनिशीत नमूद केले. सरकारच्याच मेहेरबानीने आलेल्या माणसाने हे लिहावे, यात मला त्या भाषेतल्या निषेधशक्तीचे सामर्थ्य दिसते. जो शब्दसंग्रह तो लहानपणापासून ऐकत आला होता, तो साम्राज्याच्या वैभवापुढेही त्याला सोडून गेला नाही.

हा लिटन ज्याचा पुत्र होता तो एडवर्ड बुल्वर-लिटन कादंबरीकार होता, आणि १८३० मधील त्याच्या 'पॉल क्लिफर्ड' या कादंबरीचे पहिले वाक्य इंग्रजी वाचक अतिरंजित गद्याचा नमुना म्हणून आजही दाखवतात. अशा गद्याला ते जांभळे गद्य म्हणतात. साध्या वस्त्रावर उठून दिसण्यासाठी शिवलेल्या जांभळ्या ठिगळांचा होरेस या रोमन कवीने दिलेला दृष्टांत त्याच्या मुळाशी आहे. पित्याविषयी अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की लेखणी तलवारीहून बलवत्तर असल्याचे जे सुटसुटीत वचन जगभर पसरले, तेही त्याच्याच नाटकातले आहे. पुत्राच्या बाबतीत मात्र गोष्ट शैलीपुरती राहिली नाही. जसजसे पूर्वेकडे जावे तसतसे झालरी-पताकांचे महत्त्व वाढत जाते, अशा आशयाचा अभिप्राय लिटनने लिहून ठेवला आहे. या अभिप्रायात अतिरेकाचे दुसरे मूळ उघडे पडते. वस्तूवर अविश्वास हे पहिले मूळ. प्रेक्षकाविषयी अनादर हे दुसरे. समोरच्याला सूक्ष्म कळत नाही, साधे पटत नाही, त्याचे डोळे दिपवले पाहिजेत, असे ज्याने गृहीत धरले त्याच्या हातून भडक तेच घडते.

आणि तो प्रेक्षक त्या वेळी कोणत्या स्थितीत होता? १८७६ च्या पावसाने दगा दिला होता. मद्रास व म्हैसूरप्रमाणेच मुंबई इलाख्यात दख्खनच्या जिल्ह्यांत दुष्काळ पसरला होता, आणि १८७८ पर्यंत लक्षावधी माणसे त्याला बळी पडली. दरबाराचा सरंजाम उठतो न उठतो तोच सर रिचर्ड टेंपल या सरकारी अधिकाऱ्याला काटकसरीची तजवीज करण्यासाठी दुष्काळी मुलुखात पाठवण्यात आले, आणि दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसभराच्या श्रमाबद्दल एक पौंड धान्य व वर थोडे पैसे, असा मजुरीचा दर त्याने ठरवला. पितळी काठीचे वजन करताना ज्यांचा तराजू सैल सुटला होता, त्यांचाच तराजू धान्य मोजताना इतका काटेकोर झाला. अतिरेक एका जागी दिसला की दुसऱ्या कोणत्या तरी जागी उणीव शोधावी, असे मला या इतिहासावरून वाटू लागले आहे. कारण द्रव्य, श्रम व लक्ष या तिन्ही गोष्टी परिमित आहेत, आणि एकीकडे ज्यांचा ढीग होतो त्या दुसरीकडून उचललेल्या असतात.

या दरबाराला पुण्याहून एक गृहस्थ गेले होते. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे ते प्रवर्तक, गणेश वासुदेव जोशी, ज्यांना महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणून ओळखतो. जरतारीच्या त्या समुदायात ते हातसुताच्या खादीच्या पोशाखात उपस्थित राहिले, आणि सभेच्या वतीने त्यांनी मागणी केली ती एवढीच, की राणीच्या ब्रिटिश प्रजाजनांना जो राजकीय व सामाजिक दर्जा आहे तोच हिंदी प्रजेला मिळावा. त्याच सभेने पुढे दुष्काळी जिल्ह्यांतली हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली. झालरी-पताकांविषयीच्या त्या सिद्धान्ताला याहून पूर्ण उत्तर मला सुचत नाही. पूर्वेकडचा एक माणूस कोणतीही झालर न मागता, कोणतीही झालर न लावता बोलला. त्याच्या मागणीला मुलाम्याची गरज नव्हती, कारण ती न्याय्य आहे हे त्याला माहीत होते.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. इंग्रजांच्या या शब्दसंग्रहाचा आपल्याकडील सुशिक्षितांवर इतका प्रभाव पडला आहे की विपुलता दिसली की तिला दोष म्हणावयास आपण उतावीळ होतो. आपल्या साहित्यशास्त्राने अतिशयोक्तीला अलंकारांच्या पंक्तीत मानाने बसवले आहे, आणि ते अडाणीपणाने नव्हे. इंग्रजांनीही १६५८ साली प्रसिद्ध झालेल्या सर टॉमस ब्राउन यांच्या अस्थिकलशांवरील निबंधाचे घनगंभीर, लॅटिनप्रचुर, नादमय गद्य आपल्या भाषेचे भूषण म्हणून जपले आहे. त्याला कोणी अंडी जास्त पडलेले पुडिंग म्हटलेले नाही. मृत्यू आणि विस्मरण हा विषयच असा आहे की तो तेवढा भार मागतो. वडाला पारंब्या फुटतात तशी ती समृद्धी आतून आलेली असते, आणि प्रत्येक पारंबी जमिनीपर्यंत पोचून वृक्षाला आधार देते. तेव्हा मोजावयाचे ते प्रमाण नव्हे. विचारावयाचा प्रश्न असा, की हे जे जास्तीचे दिसते आहे ते मूळ वस्तूचे काही काम करते, की तिच्याविषयीची शंका झाकते?

हा प्रश्न मी कळकळीने मांडतो, कारण आपल्या सार्वजनिक जीवनात तो विचारण्याची गरज मला रोज भासते. आपल्या मानपत्रांत सत्कारमूर्तीला युगपुरुष म्हटल्यावाचून लेखकाचे समाधान होत नाही. मृत्युलेखांत प्रत्येकाच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण होते. आणि सभेत आभार मानणारा गृहस्थ अध्यक्षांच्या भाषणाहून अधिक वेळ घेतो. ज्या शिक्षकाने चाळीस पिढ्यांना नव्हे, चाळीस मुलांना नीट वाचावयास शिकवले, त्याच्याविषयी तेवढेच सांगितले तर ते त्याच्या गौरवाला पुरेसे आहे. त्यावर विशेषणांचा गिलावा चढवला की ती चाळीस मुले दिसेनाशी होतात, आणि खऱ्या कर्तृत्वाचे मानपत्र व खोट्या कर्तृत्वाचे मानपत्र यांत फरक उरत नाही. यातली हानी केवळ भाषेची नाही. ज्या समाजात प्रत्येक शब्द कमाल मर्यादेला नेऊन वापरला जातो, त्या समाजापाशी खरोखरीच्या असामान्य प्रसंगी उच्चारण्यास शब्द शिल्लक राहत नाही, आणि दुष्काळाची हकीकत व दरबाराचे वर्णन ही एकाच सुरात ऐकली जाऊ लागतात.

इंग्रजांपासून घ्यावयाचे असेल तर त्यांचे दिवाणखानी औदासीन्य घेऊ नये. भावनेच्या उत्कटतेला संकोचणे हा काही गुण नव्हे, आणि आपल्या मातीला तो मानवणारही नाही. घ्यावी ती त्यांच्या कारागिरांच्या भाषेतली जाण, की काम पूर्ण होण्याचा एक क्षण असतो आणि तो ओळखून हात मागे घेणे हा कौशल्याचाच शेवटचा भाग आहे. तो हात मागे घेण्याचे धैर्य ज्याचा आपल्या सत्यावर विश्वास आहे आणि आपल्या श्रोत्याविषयी ज्याला आदर आहे, त्यालाच होते. म्हणून मी संयमाला शैलीचा गुण मानीत नाही. सत्य आणि श्रोता या दोघांशी इमान राखण्याची ती रीत आहे, आणि ज्याला न्याय मागावयाचा आहे त्याने ती सर्वांआधी आत्मसात केली पाहिजे.