तारांची निवड

आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदाकडे एक जुनी गिटार आहे. एका संगीतप्रेमी गृहस्थांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ती मोठ्या विश्वासाने चर्चच्या स्वाधीन केली. तिला नायलॉनच्या तारा होत्या. स्वर मृदू, काहीसा घरगुती.

२०१५ च्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला मोठा जनसमुदाय येणार होता. एवढ्या गर्दीत हा स्वर कुणाला ऐकू जाणार, या विवंचनेत आम्ही मुंबईहून पोलादी तारांचा संच आणला. गिटार वाजवणारा मुलगा चाचरत म्हणाला, “फादर, हिला ह्या तारा चालायच्या नाहीत.”

“अरे, तार म्हणजे तार!” असे म्हणून आम्ही त्याला गप्प केले. सेमिनरीत हार्मोनियम शिकल्याचा तो अहंकार!

नाताळ थाटात पार पडला. स्वर खणखणीत निघाला आणि आम्ही मनोमन सुखावलो. तीन राजांच्या सणाला गिटारीची पेटी उघडली, तेव्हा ब्रिज उखडून आला होता आणि वरची पातळ फळी फुगली होती. आता त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगावे?

गिटार कारागिराकडे नेली. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४० किलो असतो. पोलादी तारांच्या नेहमीच्या संचाचा ७० किलोंच्या घरात जातो. हा भार पेलण्यासाठी पोलादी तारांच्या गिटारीत आतून भक्कम आधारपट्ट्या बसवलेल्या असतात. आमच्या गिटारीत त्या नव्हत्या. तार निवडताना प्रथम वाद्याची कुवत पाहावी, हा पहिला धडा आम्हांस असा मिळाला. ब्रिजला तार गाठ मारून बांधलेली असेल, तर ती गिटार बहुधा नायलॉनची. तारेच्या टोकाचा मणी भोकात घालून वर खुंटी दाबलेली असेल, तर पोलादाची.

दुसरा विचार बोटांचा. पोलादी तारांत पहिली तार ०.०१० इंच जाडीची असलेला संच नवशिक्याच्या कोवळ्या बोटांना सोसवतो. हात बसला की ०.०१२ चा घ्यावा. त्याचा आवाज अधिक भरीव. तिसरा विचार धातूचा. तांबे ८० टक्के आणि जस्त २० टक्के अशा मिश्रणाने मढवलेल्या तारांचा स्वर चकचकीत असतो, पण लवकर मंदावतो. फॉस्फर ब्राँझचा स्वर उबदार व अधिक टिकाऊ. आमच्या वसईच्या खाऱ्या हवेत मात्र कोणतीही तार लवकर गंजते. वाजवून झाल्यावर ती कोरड्या फडक्याने पुसावी आणि बदलताना साऱ्या तारा एकदम बदलाव्यात.

हे सारे शिकत असताना एक गोष्ट आठवली. १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ‘सायलेंट नाइट’ प्रथम गायिले गेले, ते फादर जोसेफ मोर यांच्या गिटारीच्या साथीने. त्या काळी नायलॉन नव्हते. गिटारीच्या वरच्या तारा प्राण्यांच्या आतड्याच्या असत. त्यांचा स्वर काही मोठा नव्हे. त्या रात्री तो पुरला. आम्हांला मात्र मृदू स्वर अपुरा वाटला होता.

अखेर त्या मुलाला बरोबर घेऊन आम्ही त्या माउलीच्या घरी गेलो. प्रथम तिच्यासमोर त्याची क्षमा मागितली, मग तिची. ती काही वेळ गप्प राहिली. नंतर म्हणाली, “फादर, आमचे हे वाजवायचे तेव्हा शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू जायचे नाही. आम्हीच जवळ जाऊन बसायचो.”

ब्रिज पुन्हा बसला. फळीवरची एक रेघ मात्र कायमची राहिली. नायलॉनच्या नव्या तारा त्या मुलानेच निवडल्या. पुढच्या नाताळात आम्ही एवढेच केले, की मायक्रोफोन गिटारीच्या थोडा जवळ सरकवला.