दंगलीचा जाब कुणाला विचारायचा?

सोलापूर

ती. ताईस,


तुझे पत्र पोचले. स्वातंत्र्याआधीच्या दंगलींबद्दल तू लिहितेस, ‘माणसेच तशी होती, पुढाऱ्यांना दोष कशाला?’ मला हे पटत नाही. सोलापुरात राहणाऱ्याला पटूच नये.

८ मे १९३० आठव. गांधीजींना अटक झाल्यावर इथे गोळीबार झाला. भडकलेल्या जमावाने मंगळवार पेठ चौकीचे दोन पोलीस मारले, कोर्ट पेटवले. गिरणगाव हे, हिंदू-मुसलमान दाटीने राहणारे. त्याआधी आपसात तंटेही झालेले. तरी त्या दिवशी जमाव एकमेकांवर उलटला नाही, कारण पुढाऱ्यांनी राग सरकारकडे वळवलेला होता. याच प्रकरणात १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर ‘गझनफर’चे संपादक कुर्बान हुसेन फासावर गेले.

आता सरकार बघ. १२ मेपासून जूनअखेरपर्यंत इथे मार्शल लॉ होता. गांधी टोपी घालणेसुद्धा गुन्हा! आणि चौघांच्या फाशीनंतर दहा आठवड्यांनी कानपूर पेटले, तेही गिरण्यांचेच शहर. तिथे पोलीस हातावर हात ठेवून उभे होते; सरकारच्याच चौकशी समितीने तसा ठपका ठेवला. दीडशेहून अधिक माणसे मेली. दोन्हीकडच्या लोकांना वाचवत फिरणारे गणेश शंकर विद्यार्थी त्यातच मारले गेले. सोलापुरात टोप्या उतरवायला लष्कर आणणाऱ्या सरकारला कानपुरात जीव वाचवायला पोलीस हलवता आले नाहीत, यावर मी कसा विश्वास ठेवू?

पण सगळे इंग्रजांवर ढकलून मोकळे होणेही मला मंजूर नाही. भगतसिंगांच्या फाशीनंतरच्या हरताळात कानपुरात मुसलमान दुकानदारांवर दुकाने बंद करण्याची जबरदस्ती झाली, ती काँग्रेसवाल्यांनी केली. विभक्त मतदारसंघ १९०९ साली इंग्रजांनी दिले, हे खरे. १९१६ साली लखनौला काँग्रेसने ते मान्य केले, टिळकांच्या संमतीने. हेतू समेटाचा होता, पण उमेदवाराला दुसऱ्या धर्माच्या मतदाराचे तोंड पाहायची गरजच उरली नाही. मग त्याने जीभ कशाला आवरावी?

पुढे प्रांतांची पोलीसखाती आपल्याच मंत्र्यांच्या हातात आली. १६ ऑगस्ट १९४६ला बंगालमध्ये सुऱ्हावर्दींच्या मुस्लिम लीग सरकारने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली आणि कलकत्त्यात प्रेतांचे खच पडले. गव्हर्नर इंग्रज होता, लष्कर उशिरा उतरले; त्याचाही हिशेब मांडायला हवाच. त्यानंतर अडीच महिन्यांत बिहारात हजारो मुसलमान मारले गेले, तेव्हा तिथे काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. लीगला जो प्रश्न आपण विचारतो तो या मंत्रिमंडळाला विचारताना आपल्या घरातल्या मोठ्यांचाही आवाज खाली येई, तुला आठवत असेल.

मुलांसाठी तू जे टिपण लिहिते आहेस, त्यात ‘लोक पिसाळले’ यावर थांबू नकोस. पोलीस कुणाच्या हुकुमात होते आणि तो हुकूम कधी सुटला, हे प्रत्येक शहरापुढे लिही. सोलापूरपासून सुरुवात कर.

तुझा,
धाकटा भाऊ