अनोळखी हातांच्या भाकऱ्या

पुराचं पाणी गावात शिरताना आवाज करत नाही. तिकडे नदी गर्जत असते, पण उंबऱ्यापाशी पाणी येतं ते चोरपावलांनी. आधी ते न्हाणीच्या मोरीतून उलटं वर चढतं, मग परसातली तुळस पोटाशी घेतं, चुलीतली राख अलगद उचलून घरभर फिरवतं. गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसके देऊ लागते, दिवे जातात, आणि काळोखात कुणीतरी ओरडतं, ‘दावी सोडा रं, जनावरांची दावी सोडा!’

2019 चा श्रावण असाच आला. नागपंचमीचे झोके झाडांना तसेच लोंबत राहिले. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आपापला घाटमाथा घेऊन पंचगंगेत उतरल्या. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोका मानतात, तिथं पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आणि तिकडे सांगलीत आयर्विन पुलाखालची कृष्णा 57 फूट ओलांडून पेठांमधून हिंडू लागली. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची कितीतरी गावं नकाशावरून पुसून टाकावीत तशी दिसेनाशी झाली. उरले ते देवळांचे कळस, नारळांचे शेंडे आणि सगळीकडे एकच मातकट उजेड. ब्राह्मणाळला माणसांनी भरलेली नाव उलटली, ती बातमी तर ऐकवत नव्हती.

आणि मग भाकऱ्या आल्या.

टेम्पोचा फाळका पडला, की आधी वास येई: तव्यावरच्या पिठाचा, शेंगदाण्याच्या चटणीचा, धुवट फडक्यात घुसमटलेल्या वाफेचा. ओल्या भिंती, ओले कपडे, ओली माणसं यांच्या त्या कुबट दिवसांत तो कोरडा, खरपूस वास नाकात शिरला, की डोळे उगाचच भरून येत. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जत-आटपाडीकडे पाऊस नव्हता, माणसं टँकरची वाट बघत होती. एका टोकाला घागर रिकामी, दुसऱ्या टोकाला घर बुडालेलं, आणि जिल्हा एकच! तरी त्या कोरड्या मुलखातूनही चुली पेटल्या. पहाटे कुणाकुणाच्या ओसरीवर बायका गोळा झाल्या असतील, काठवटीत पीठ पडलं असेल, बडवणाऱ्या हातांचा ताल एका घरातून दुसऱ्या घरात गेला असेल. त्यातलं काहीच आम्हाला दिसलं नव्हतं. दिसत होती ती फक्त चवड. एक भाकरी जाड, एक पातळ. एकीला पापुद्रा सुटलेला, एकीची कड करपलेली. प्रत्येकीच्या पाठीवर चार बोटांचे ठसे.

छावणी म्हणजे शाळेचे वर्ग. फळ्यावर अजून पाढे होते. भिंतीला टेकून एक आक्का बसल्या होत्या, दोन दिवस उपाशी. उसाच्या पट्ट्यातलं भरलं घर. दरसाल तोडणीच्या टोळीतल्या बाळंतिणीला आपल्या हातचं सार पाजणारी बाई. वाटणाऱ्या पोरानं पुढे केलेल्या भाकरीकडे त्या नुसत्या बघत राहिल्या. हात काही पुढे येईना. देणाऱ्याचे हात उदार, हे आपण सहज म्हणून जातो. घेणाऱ्या हाताला किती जड वजन उचलावं लागतं, ते मला त्या वर्गात कळलं. बऱ्याच वेळानं त्यांनी भाकरी घेतली, उलटी केली, उजेडाला धरली. ठशांवरून अंगठा फिरवला.

‘हात चांगला हाय बाईचा,’ म्हणाल्या.

आणि जेवल्या.

त्या एका वाक्यानं दान संपलं होतं. उरल्या होत्या दोन सुगरणी. एकीनं थापलेलं, दुसरीनं पारखलेलं. नाव नाही, गाव नाही, उपकार नाही. पिशव्यांवर स्वतःचे फोटो छापून तांदूळ पाठवणाऱ्यांना हे कसं कळावं? (त्या पिशव्याही आल्या होत्या. तांदूळ चांगला होता, एवढं म्हणतो.)

त्याच आठवड्यात श्रावणी सोमवार आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, 12 ऑगस्टला. उपासाची खिचडी करणारे आणि कुर्बानीचे पैसे पूरग्रस्तांना देणारे एकाच दारातून आत-बाहेर करत होते. पौर्णिमेला बायांनी होडीतल्या जवानांना राख्या बांधल्या. नवा धागा मिळेना तेव्हा काहींनी साडीची किनार फाडली असेल, असं मला आपलं वाटतं.

मग पाणी ओसरलं, आणि खरा पूर तेव्हा दिसला. घोटाभर गाळ. कुजलेल्या उसाचा, मेलेल्या जनावरांचा, भिजून फुटलेल्या धान्याचा वास. भिंतीवर सरळ ओढलेली पाण्याची रेघ, आणि त्या रेघेच्या खाली लग्नातला फोटो, सातबारा, पोरांच्या वह्या, सगळ्यांचा एकच लगदा. आता भाकऱ्या पुष्कळ होत्या. इतक्या, की उरून वाळू लागल्या. शाळेच्या पटांगणात जुन्या कपड्यांचा डोंगर साचला होता, आणि त्यातून विटके परकर, तुटक्या चेनच्या पँटी बाहेर लोंबत होत्या. हवे होते खराटे, फावडी, फिनेल, आगपेट्या, जनावरांना वैरण. हे आधी ओळखलं ते बाहेरगावच्या पोरापोरींनी. कॉलेजातली, एरवी घरी ताट न उचलणारी ती मुलं पँटी गुडघ्यावर दुमडून परक्यांच्या माजघरातला गाळ घमेल्यानं उपसत होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी एकच विचारलं होतं: ‘काकू, कुठून सुरू करू?’

दोन वर्षांनी, 2021 च्या जुलैत, चिपळूण बुडालं, आणि त्याच आठवड्यात पंचगंगाही पुन्हा पात्राबाहेर आली. पूर पुन्हा येणार आहेत. तेव्हा टेम्पो भरण्याआधी त्या गावातल्या कुणाला तरी एक फोन करा, काय हवंय ते विचारा. आणि कपडे पाठवणार असाल, तर धुऊन, बटणं लावून पाठवा.