खुर्चीवर बसलेली माणसं

खोली रिकामी. राखाडी भिंत, तिच्या तळाशी विजेचा एक सॉकेट. मधोमध साधी खुर्ची आणि तिच्यावर एक म्हातारी, अंगावर चिंधीही नाही. केस विरळ, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर विसरल्यासारखे टाकलेले. कातडीचा रंग कोणता म्हणावा? राखाडीत निळसर झाक, निळ्यात मळकट गुलाबी, गुडघ्यावर थोडी लाली. आणि डोळे मोठे, सरळ आपल्यावर रोखलेले.

फ्रेंच चित्रकार ज्याँ रुस्तँ यांच्या कॅनव्हासवर माणसं अशी भेटतात.

रुस्तँ यांचा जन्म १९२८ चा, मेत्स शहराला लागून असलेल्या गावातला. एकोणिसाव्या वर्षी ते पॅरिसला आले, एकोल द बोझार या कलाशाळेत शिकले आणि पुढं कितीतरी वर्षं अमूर्त चित्रं काढत राहिले. त्या चित्रांत उजळ रंग होते, मोकळेपणा होता. नाव झालं. १९७१ साली पॅरिस शहराच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं. दुसऱ्या कुणी त्या यशावर उरलेलं आयुष्य निवांत काढलं असतं. रुस्तँ यांना मात्र आपलीच सगळी चित्रं एकत्र पाहताना जाणवलं, की ही वाट इथं संपली. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी अमूर्त चित्रकला सोडली आणि माणसाचं शरीर काढायला घेतलं. ते शेवटपर्यंत.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार सय्यद हैदर रझा १९५० साली त्याच एकोलमध्ये पोचले होते. गावं, घरं, झाडं रंगवता रंगवता ते भूमितीकडे वळले, बिंदूपाशी स्थिरावले. रुस्तँ बरोबर उलट चालले. रंगांच्या उत्सवातून निघाले आणि एका खुर्चीपाशी येऊन थांबले.

फ्रान्सला नग्नचित्रं नवीन नव्हती. लूव्र संग्रहालयातली, चित्रकार अँग्र यांनी १८१४ साली रंगवलेली नग्न ‘ओदालिस्क’ आठवा. पाठ इतकी लांब, की तिला मणके जास्त आहेत अशी टीका तेव्हाच झाली होती. डोळ्याला सुख व्हावं म्हणून तिथं शरीर ताणलं, गुळगुळीत केलं. रुस्तँ यांच्या चित्रातल्या बाईचं पोट सुटलेलं आहे, स्तन ओघळलेले आहेत, बसून बसून पाय जड झाले आहेत. ती कुणासाठी सजून बसलेली नाही. कित्येकदा ही माणसं आपले गुप्त अवयवही झाकत नाहीत, आणि तिथंच बघणाऱ्याचा तोल जातो. कुणी या चित्रांना विकृत म्हटलं, कुणी क्रूर.

क्रूर चित्रकाराला इतका वेळ कुठला? एका गालावर थरावर थर देत, राखाडीतून रक्ताची ऊब वर आणत बसायला माया लागते. देह थकतो, सैलावतो, एकटा पडतो. तसा झालेला देहही रुस्तँ यांना रंगवण्याजोगा वाटला, चेहऱ्याइतकाच बोलका वाटला. आपण घरात आजारी आजोबांना स्पंजिंग करताना जे बघतो आणि चटकन नजर वळवतो, ते त्यांनी चाळीस वर्षं नजर न वळवता पाहिलं.

२०१३ च्या डिसेंबरात ते गेले. अथेन्सच्या फ्रिसिरास संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. छपाईत हा राखाडी रंग मरतो, म्हणून कधी मूळ चित्र समोर आलं तर जवळ जा आणि आधी गुडघे पाहा, हात पाहा. डोळ्यांकडे मग वळा.