उष्णता शेवटी हवेतच जाते

नवा पीसी जोडून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक प्रोसेसर आणि रॅमच्या किमतीवर घासाघीस करतं. लिक्विड कूलर मात्र त्याने येण्याआधीच पसंत केलेला असतो. पंपावरचे रंगीत दिवे डोळ्यांत भरलेले असतात. मी एवढंच विचारतो, ‘या मशीनवर काम काय करणार?’

पाणी थंड, म्हणून प्रोसेसर थंड, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात नळ्यांतलं द्रव हमाली करतं. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या पत्र्यातून ते उष्णता उचलतं, पंप त्याला रेडिएटरकडे ढकलतो आणि तिथेही गाठ पंख्यांशीच. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असेल, तर लिक्विड असो वा पंख्याचा, कोणताही कूलर प्रोसेसरला त्याखाली नेणार नाही.

शिवाय पंख्याच्या टॉवर कूलरमध्येही पाणी असतंच. हीटपाइप म्हणजे हवा काढून बंद केलेली तांब्याची नळी. आत किंचित पाणी. दाब कमी, म्हणून ते थोड्या उष्णतेनेही उकळतं. वाफ वर पत्र्यांकडे जाते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परत येतं. मोदकपात्राच्या झाकणाखाली हेच घडतं. पंप नाही, त्यामुळे बिघडण्यासारखा भाग म्हणजे पंखा. तो कोणालाही बदलता येतो. अडचण आकाराची. नॉक्टुआचा एनएच-डी15 हा 165 मिलिमीटर उंच आहे. तो घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी आणि रॅमची उंची मोजावीच लागते.

लिक्विड कूलरची खरी ताकद मोठ्या रेडिएटरमध्ये आहे. कोअर आय9-14900के पूर्ण ताणावर 253 वॉट खेचतो. असा प्रोसेसर तासन्‌तास रेंडरिंग करणार असेल, तर 360 मिलिमीटरचा रेडिएटर पैसे वसूल करून देतो. द्रव सावकाश तापतं, म्हणून क्षणभराच्या भारावर पंखे ओरडत नाहीत. पण पंपाला आयुष्य असतं, आणि बंद नळ्यांतूनही वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी झिरपून उडतं. आतली हवा वर जमते. म्हणून मी पंप कधीच सर्वांत उंच जागी येऊ देत नाही. तो तिथे आला की गुरगुरू लागतो.

रायझन 7 7800एक्स3डी गेम खेळताना बहुधा 100 वॉटच्या आतच राहतो. त्याला लिक्विड कूलर लावणं ही हौस झाली. हौसेला माझी ना नाही, पण तिला गरज म्हणू नये.

माझा हिशेब सरळ आहे: 150 वॉटपर्यंत चांगला टॉवर कूलर, त्यापुढे कामाचे तास पाहून लिक्विड. वाचलेल्या पैशांतून कॅबिनेटला दोन चांगले पंखे लावा आणि धुळीची जाळी महिन्यातून एकदा तरी झाडा.